हाड पोखरणाऱ्या पेशीला हुकूम कोण देते?

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. ऑस्टिओक्लास्ट या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी जुने हाड पोखरतात आणि ऑस्टिओब्लास्ट तो खड्डा भरून काढतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरते, पोखरणे भरण्याच्या पुढे जाते आणि हाडे ठिसूळ होतात. ह्रुमॅटॉइड संधिवातात हीच पोखरण सुजलेल्या सांध्याच्या कडेला चालते, आणि बोटे कायमची वाकडी होतात. म्हाताऱ्या बाईचा मोडलेला खुबा आणि तरुण बाईची वाकडी बोटे या दोन्हींमागे एकच पेशी आहे. हे आज आपण ठामपणे सांगू शकतो, त्याचे मोठे श्रेय मी टोकियोच्या तात्सुओ सुदा यांना देतो.

सुदा शोवा विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाखेत जीवरसायनशास्त्र शिकवत. त्याआधी अमेरिकेत विस्कॉन्सिनला हेक्टर डेलुका यांच्याकडे त्यांनी ड जीवनसत्त्वावर काम केले होते, आणि त्या विषयाने त्यांना पुढे कधी सोडले नाही. या जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप हाडातले कॅल्शियम बाहेर काढते, म्हणजे पोखरणे वाढवते. पण ते कोणत्या वाटेने? १९८१ मध्ये गिडिऑन रोडान आणि जॉन मार्टिन यांनी एक धाडसी तर्क मांडला: या सक्रिय रूपासारख्या संप्रेरकांचा निरोप आधी हाड बांधणाऱ्या पेशीला मिळतो आणि तीच पोखरणाऱ्या पेशीला कामाला लावते. तर्क देखणा होता, पुरावा नव्हता.

तो पुरावा सुदांच्या प्रयोगशाळेने काचेच्या बशीत उभा केला. नाओयुकी ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उंदराच्या प्लीहेतल्या पेशी ऑस्टिओब्लास्टसोबत वाढवल्या आणि त्यांत ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप घातले. खरेखुरे ऑस्टिओक्लास्ट तयार झाले; डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या कठीण भागाच्या, चकतीवर ठेवल्यावर ते तिला खड्डे पाडत. मग दोन्ही प्रकारच्या पेशींमध्ये पातळ पडदा घातला. द्रव आरपार जात होता, पण पेशी एकमेकींना शिवत नव्हत्या. ऑस्टिओक्लास्ट झालेच नाहीत. माझ्या मते या सगळ्या कहाणीचा गाभा या पडद्यात आहे. हुकूम द्रवात विरघळून येत नव्हता. तो बांधणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर होता आणि स्पर्शाशिवाय पोचत नव्हता. कोणी न पाहिलेल्या त्या रेणूला सुदांनी नाव देऊन टाकले: ऑस्टिओक्लास्ट डिफरन्सिएशन फॅक्टर.

रेणू हाती लागायला १९९८ उजाडले. शोध उलट्या बाजूने लागला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ॲम्जेनने आणि जपानच्या स्नो ब्रँड या दुग्धपदार्थांच्या कंपनीने, स्वतंत्रपणे, ऑस्टिओक्लास्ट घडू न देणारे एकच प्रथिन शोधले. ते ज्याला जाऊन चिकटते तोच सुदांचा रेणू निघाला. स्नो ब्रँडच्या शास्त्रज्ञांसोबत सुदांचा गटही त्या कामात होता. चकित करणारी गोष्ट पुढेच होती. आदल्याच वर्षी प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना हाच रेणू टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींवर, सापडला होता. आज त्याला रँकएल म्हणतात. सांध्यातला दाह हाडापर्यंत कसा पोचतो, याचे उत्तर तिथे मिळाले: सुजलेल्या सांध्यात टी पेशी आणि सांध्याच्या अस्तरातल्या पेशी हा हुकूम स्वतःच देऊ लागतात.

रँकएलला अडवणारे डेनोसुमॅब हे प्रतिपिंड २०१० मध्ये औषध म्हणून आले. ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर ६ महिन्यांनी त्वचेखाली देतात. ७,८६८ स्त्रियांवरच्या ३ वर्षांच्या चाचणीत मणक्याचे नवे फ्रॅक्चर ६८ टक्क्यांनी आणि खुब्याचे ४० टक्क्यांनी कमी झाले. एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात कळायला हवी. इंजेक्शन अचानक बंद केले, तर दबलेले पोखरणे उसळून येते आणि काहींचे एकाहून अधिक मणके मोडतात. थांबवायचे असेल तर डॉक्टरांना विचारून, त्याजागी दुसरे औषध सुरू करूनच थांबवावे.

ह्रुमॅटॉइड संधिवातात या औषधाने हाडाची झीज मंदावते. दाह कमी होत नाही आणि कूर्चाही वाचत नाही. म्हणजे हाडावरचा हुकूम अडवता आला, तरी कूर्चेचा नाश वेगळ्या वाटेने होतो. ती वाट या औषधाने अडत नाही, आणि गुडघ्याच्या झिजेतही गेलेली कूर्चा परत आणणारे औषध आज नाही.