कोळसा, कोयला, कोयसा

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा रेल्वेने येतो आणि वॅगन रिकामी होईपर्यंत त्याला तीन-चार नावं पडलेली असतात. कागदावर तो कोळसा. झारखंडहून आलेल्या फिटरच्या तोंडी कोयला. शेजारच्या फेकरीहून ड्युटीला येणाऱ्या माणसाच्या घरगुती बोलण्यात कोयसा. कंट्रोल रूममध्ये नुसतं ‘कोल’: कोल मिल, कोल फीडर, कोल बंकर.

भुसावळपासून हाकेच्या अंतरावरची ही वसाहत महानिर्मितीच्या केंद्राभोवती वाढली. २१० मेगावॉटचे संच, मग ५०० मेगावॉटचे दोन, त्यानंतर भेलने उभारायला घेतलेला ६६० मेगावॉटचा संच. असं प्रत्येक काम निघालं की कंत्राटदारांबरोबर बाहेरच्या राज्यांतली माणसं येतात. वेल्डर, रिगर, इन्सुलेशनवाले. काही महिन्यांनी निघून जाणारे बहुतेक; काही मात्र खोली घेतात, बायकामुलं आणतात आणि मग वाणसामानाच्या दुकानात, चहाच्या टपरीवर विचारायला लागतात, ‘भाऊ, ये मराठी में कैसे बोलते हैं?’

पहिली अडचण इथेच येते. उत्तर हिंदीत मिळतं. भुसावळ हे रेल्वेचं गाव, विभागीय मुख्यालय. देशभरच्या बोलण्याची इथल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या सवय. समोरचा दोन शब्द अडखळला की भुसावळकर लगेच हिंदीवर येतो. त्याला वाटतं आपण सोय केली. शिकणाऱ्याचं मराठी तिथेच थांबतं.

जो तरीही नेटाने विचारत राहतो, तो थोड्याच दिवसांत ‘ळ’पाशी पोचतो. प्रमाण हिंदीत हा वर्ण नाही, म्हणून ‘कोळसा’चा ‘कोलसा’ होतो नाही तर ‘कोड़सा’. दुसरी चूक खरं तर जास्त आशादायक आहे. हिंदीतल्या ‘लड़का’मधला ड़ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतंच. ‘ळ’ला जीभ तशीच वळवायची, फक्त हवा जिभेच्या दोन्ही कडांनी जाऊ द्यायची. ‘ल’पासून सुरुवात करणाऱ्यापेक्षा ड़पासून सुरुवात करणाऱ्याला ‘ळ’ लवकर सापडतो. आणि तो सापडणं गरजेचं असतं, कारण वेल आणि वेळ, गाल आणि गाळ, मूल आणि मूळ यांत फरक तेवढाच. ओडिशाच्या कामगाराला यातलं काहीच करावं लागत नाही. ओडिया भाषेत ‘ळ’ही आहे आणि ‘ण’ही, पाण्याला तिथे ‘पाणि’च म्हणतात.

मजा पुढे आहे. हा ओडिया माणूस पुस्तकातल्यासारखं ‘पाणी’, ‘केळी’ म्हणतो आणि त्याला केळी विकणारा यावल-रावेरकडचा माणूस म्हणतो ‘पानी’, ‘केयी’. पूर्व खानदेशच्या लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया. जिल्ह्याचं गाव जयगाव. अहिराणीतही ही चाल आहे, म्हणून धुळ्याचं धुये होतं. वऱ्हाडातून बदली होऊन आलेल्यांनाही ती परकी नाही. रेल्वेच्या पाट्या मात्र आपापल्या जागी ठाम: मराठीत ‘ळ’, हिंदीत ‘ल’. पाटीवर न लिहिला जाणारा तिसरा उच्चार फलाटावर ऐकू येतो.

आता नवख्याने विचारलं, की बरोबर काय, केळी की केयी? इथे बहुतेक खानदेशी माणूस क्षणभर थांबतो, किंचित ओशाळतो आणि म्हणतो, ‘शुद्ध म्हणशील तर केळी.’ मग लगेच घरी फोन करून केयीच म्हणतो. बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) मुलखात हे घडावं याचं नवल वाटतं. त्या स्वतः निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या इतरांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं ते बोलीचे ‘य’ आणि ‘न’ तसेच ठेवून. पाठ्यपुस्तकांतून महाराष्ट्रभरच्या मुलांनी ते उच्चार वर्गात मोठ्याने वाचले. इथल्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव मिळालं. आणि पाहुण्याने विचारलं की त्यांच्याच गाववाल्यांचा ‘य’ गिळला जातो. शिकणाऱ्याचं त्यात नुकसानच होतं: बाजारात जे कानावर पडणार आहे तेच त्याला कुणी शिकवत नाही.

धुळे-अमळनेरकडचा सहकारी शिफ्टला असला तर गुंता आणखी वाढतो. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’, ‘माझा’ला ‘मना’, ‘तुझा’ला ‘तुना’. हिंदीवाल्याला ‘मना’ म्हटलं की मनाईच आठवणार. यातला ना-नी गुजरातीच्या नो-नी-नुंशी जुळतो, हे सुरतेकडे काम केलेल्या कामगाराच्या आधी लक्षात येतं. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशी (अहिराणी तिच्यातच मोडते) मराठीच्या खंडात न बसवता भिल्ली भाषांच्या खंडात ठेवली गेली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. जनगणनाही तिला मराठीपासून वेगळी मोजते. २०११ मध्ये खानदेशी बोलणाऱ्यांची नोंद साडेअठरा लाखांच्या घरात होती.

‘च’ आणि ‘ज’ची कथा उलटी आहे. तिथे विचारणाऱ्यापेक्षा सांगणाराच जास्त गोंधळतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ वेगळा. जगातला ‘ज’ आणि ‘जगणं’मधला ‘ज’ वेगळा. लिपीत खूण नाही. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांमागे असते आणि ‘माझी’ म्हणताना टाळूकडे सरकते, हे मराठी माणूस दिवसभर करतो. पण ‘कधी कुठला उच्चार?’ असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. ‘ई’पुढे टाळूचा, एवढं व्याकरणातून सांगता येईल. बाकीचं बरंचसं शब्दागणिक पाठ करायचं. आंध्र-तेलंगणातल्या पुष्कळांना दातांमागचा ‘च’ घरूनच येतो, म्हणून ‘चूल’ आणि ‘चोपडा’ हे गावाचं नाव ते सहज म्हणतात. बिहारच्या माणसाचा चोपडा मात्र बराच काळ हिंदी सिनेमातलाच राहतो.

उच्चार चुकला तर लोक हसतात, तेवढंच. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र प्लांटमध्ये महागात पडू शकतो. ‘खाली’ हिंदीत रिकामा, मराठीत तळाशी. ‘बंकर खाली है’ आणि ‘बंकरखाली आहे’ यांत, कन्व्हेयरच्या आवाजात, ऐकणाऱ्याने काय समजायचं? तिथे माणसं हाताने दाखवतात, वॉकीटॉकीवर ‘एम्प्टी’ म्हणतात. हिंदीतला ‘कल’ काल आणि उद्या दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे ड्युटी बदलताना मराठी माणूस तारीख विचारून घेतो. ‘शिक्षा’ हा हिंदीत शिक्षण आणि इथे दंड, हे नवख्याला शाळेच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

तोवर त्याच्या घरात दुसरा मास्तर तयार झालेला असतो. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, सीबीएसईच्याही. पोरगी वहीत ‘कोळसा’ लिहून आणते, बापाला म्हणून दाखवायला लावते. बाप शिफ्टमधून ऐकून आलेला ‘कोयसा’ म्हणतो. ती म्हणते, ‘गलत.’ तो म्हणतो, सगळे असंच म्हणतात. यावर दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारलं आणि बाई जर जळगावकडच्याच असतील, तर त्या काय सांगतील हे त्या घरी कसं बोलतात यापेक्षा वर्गात कोण बसलंय यावर ठरतं.