भागीदार बाहेर पडतो, तेव्हा हिशेब कसा मिटवावा?



ट्रॅक्टर, मळणीयंत्र एकट्याला झेपत नाही, म्हणून गावात दोघे-तिघे मिळून घेतात. चार हंगाम गोडीत जातात. मग एखाद्याच्या घरी मुलीचे लग्न निघते आणि तो म्हणतो, "माझा हिस्सा द्या, मी बाजूला होतो." भांडण इथेच लागते. ते कसे टाळायचे ते पाहू.

समजा, तात्या, अण्णा आणि बापू यांची सारख्या वाट्याची भागीदारी आहे. प्रत्येकाचे भांडवल १,५०,००० रुपये आणि बँकेचे देणे १,५०,०००. वहीत यंत्रे ४,८०,०००, लोकांकडून येणे ९०,०००, रोकड १५,००० आणि बापूंची उचल १५,०००. दोन्ही बाजू ६,००,०००.

बापू म्हणतात, "यंत्रांना बाजारात ५,७०,००० येतील. तिसरा हिस्सा १,९०,००० द्या." तात्या म्हणतात, "दीड लाख घातलेस, तेवढेच ने." दोघांचेही चुकते. बापू बँकेचे देणे विसरले, तात्या वाढलेली किंमत विसरले.

खरा हिशेब असा करा :

१) यंत्रांची आजची किंमत जाणकाराकडून ठरवा. इथे ९०,००० वाढले. येण्यापैकी १५,००० बुडीत धरले. निव्वळ वाढ ७५,०००, बापूंचा वाटा २५,०००.

२) धंद्याने नाव कमावले, गिऱ्हाईक बांधले, त्याचीही किंमत असते. त्याला गुडविल म्हणतात. तिघांनी ती ६०,००० ठरवली. बापूंचे २०,००० राहणाऱ्या दोघांनी निम्मे-निम्मे सोसायचे.

३) बापूंचे भांडवल १,५०,०००, त्यात २५,००० आणि २०,००० मिळवा. उचल १५,००० वजा करा. बापूंचे येणे १,८०,००० रुपये.

चालू हंगामाचा नफातोटा वाटायचा राहिला असेल, तर बाहेर पडण्याच्या दिवसापर्यंतचा हिस्साही यात धरा.

आता रोकड तर १५,०००च आहे. मग हप्ते बांधा. किती हप्ते, कोणत्या तारखेला, व्याज किती, हे कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. काहीच ठरवले नाही आणि हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे बाहेर पडलेल्याला त्याच्या मालमत्तेवर झालेल्या नफ्यातला वाटा किंवा दरसाल दरशेकडा ६ व्याज, यांतले एक मागता येते.

बापूंनी मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. पैसे मिळाले म्हणून बँकेचे जुने कर्ज अंगावरून उतरत नाही. बँक आणि राहणारे भागीदार यांच्याशी तसा करार करून घ्या, आणि तो लेखी घ्या. शिवाय जाहीर नोटीस दिली नाही, तर पुढे धंद्यात होणाऱ्या देण्यालाही तुम्ही बांधले जाऊ शकता. ही नोटीस शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतील एका तरी वर्तमानपत्रात द्यावी लागते. भागीदारी नोंदलेली असेल, तर निबंधकांनाही कळवावे लागते.

तेव्हा मंडळी, गोडी आहे तोवरच वही उघडा. हिशेब चोख ठेवला, तर भागीदारी सुटली तरी बांधावरचा रामराम सुटत नाही.