गोविंदाला दहा लाख, मंडळाला काय?

(मैदान आणि कायदा : भाग ४)

रायपूर स्टेशनाच्या पलीकडे, गुढियारीत, श्रीनगर रस्त्यालगत अवधपुरी मैदानावर जन्माष्टमीच्या दिवसांत मोठी दहीहंडी होते. लाखांची बक्षिसं, गोविंदांच्या टोळ्या, मंचावर पुढारी. तात्यापारा आणि चौबे कॉलनीतली मराठी घरंही बघायला जातात. अशा वेळी एक वाक्य हमखास कानावर येतं : "पोरांचा विमा काढलाय, आता काळजी नाही." काळजी कोणाची मिटली, हे मात्र कोणी विचारत नाही.

मागच्या भागात व्यक्तिगत अपघात विमा पाहिला. गोविंदांचा विमा त्याच जातीचा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा विमा काढला. माणशी हप्ता ७५ रुपये, मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख. २०२५ मध्ये हा आकडा दीड लाख गोविंदांवर गेला. सोय चांगलीच आहे, पण ती महाराष्ट्रातल्या पथकांची. रायपूरच्या टोळीला पॉलिसी स्वतःच घ्यावी लागणार.

अशी पॉलिसी चूक कोणाची हे विचारत नाही. थर कोसळला, हात गेला, ठरलेली रक्कम मिळाली, इतकाच तिचा व्यवहार. आणि म्हणूनच आयोजकाचं त्यात काही मिटत नाही. जखमी माणूस विम्याचे पैसे घेऊनही मंडळावर भरपाईचा दावा लावू शकतो. खाली गाद्या का नव्हत्या? पाण्याच्या फवाऱ्याने जमीन निसरडी कोणी केली? प्रश्न रास्त आहेत. अशा दाव्यांचा खर्च उचलणारी पॉलिसी निराळी, तिला पब्लिक लायबिलिटी पॉलिसी म्हणतात. प्रेक्षकाच्या अंगावर खांब पडला किंवा शेजाऱ्याची भिंत ढासळली, तर मंडळावर येणारी भरपाई आणि वकिलाचा खर्च ती पॉलिसीतल्या मर्यादेपर्यंत भरते. थरावरचा गोविंदा तिच्यात धरला आहे की वगळला आहे, हे मात्र वाचूनच घ्यावं लागतं. आणि १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी विमा कायद्याशी तिचा घोळ घालू नका. तो कायदा भोपाळ वायुदुर्घटनेनंतरचा, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठीचा. हंडीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

"तो स्वखुशीने चढला, आम्ही काय करणार?" हा मंडळांचा आवडता बचाव. कायदा तो अर्धाच मानतो. थरावरून पडणं हा खेळातला धोका, तो खेळणाऱ्याने पत्करला. पण सडलेला दोर, न दिलेलं हेल्मेट, बंद न केलेली विजेची तार त्याने पत्करलेली नसते. आधी लिहून घेतलेलं हमीपत्रही अशा हयगयीला झाकत नाही. अल्पवयीन असेल तर त्या कागदाला किंमतच नाही, कारण भारतीय करार कायद्याने अल्पवयीनाचा करार मुळातच रद्द. शिवाय दाव्याची मुदत त्याच्या अठराव्या वर्षापासून मोजली जाते. पंधराव्या वर्षी जायबंदी झालेला मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत कोर्टात जाऊ शकतो. तोवर मंडळाचे पदाधिकारी दोनदा बदललेले असतात!

मुलांच्या बाबतीत प्रकरण पैशांवर थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर २०१७ मध्ये ठरलं, की १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायचं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सरावात ११ वर्षांचा मुलगा वरच्या थरावरून पडून गेला आणि पोलिसांनी पथकाच्या प्रमुखावर गुन्हा नोंदवला. हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कुठलीही विमा कंपनी माणसाच्या जागी तुरुंगात जात नाही. १४ वर्षांच्या अटीचा तो निकाल मुंबईचा, छत्तीसगडच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, हे खरं. पण हयगय झाली की नाही हे ठरवताना बिलासपूरच्या उच्च न्यायालयातले न्यायाधीशही, शहाणा आयोजक काय काळजी घेतो, हेच बघणार.

दहिसरच्या घटनेतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती सरावातली होती. बरीच पथकं गुरुपौर्णिमेपासून सराव धरतात, म्हणजे खरा धोका महिनाभर आधीच सुरू होतो. पॉलिसी फक्त उत्सवाच्या दिवसाची असेल तर तो सगळा महिना उघडा. आणि त्याच वर्षी दहीहंडीच्या दिवशी मानखुर्दला जो तरुण गेला, तो थरावर नव्हता. हंडीचा दोर बांधत होता. तुमच्या विम्याच्या यादीत दोर बांधणारा आहे का? मंडपवाला, वायरमन?

एक शेवटची भानगड. मंडळाची नोंदणी नसेल तर कायद्यापुढे मंडळ नावाचं कोणी नसतंच. दावा येतो तो परवानगीच्या अर्जावर सही करणाऱ्यांवर, त्यांच्या नावाने, त्यांच्या घरादारावर. छत्तीसगडमध्ये सोसायटी नोंदणी १९७३ च्या कायद्याखाली होते. बक्षिसाच्या रकमेपुढे तो खर्च किरकोळ.

तेव्हा गुढियारीतल्या आणि इतरही आयोजकांनो, यंदा एजंटाकडून तीन गोष्टी लेखी घ्या : सराव धरला आहे का, यादीबाहेरचे कार्यकर्ते आणि प्रेक्षक धरले आहेत का, आणि मंडळावर दावा झाला तर वकील कोण देणार. तोंडी "हो" चालणार नाही.