पोते उचलताना उसण का भरते?

बाजार समितीत हमाली पोत्यागणिक मिळते, त्यामुळे 50 किलोचे पोते घाईतच उचलले जाते. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संस्था दोन हातांनी उचलायच्या ओझ्याला 23 किलोची मर्यादा सुचवते, तीही सगळे अनुकूल असेल तर! वजनाइतकाच घात अंतर करते. ओझे पोटापासून लांब धरले की कमरेच्या मणक्यांवरचा ताण झपाट्याने वाढतो. वाकलेले असतानाच कंबर वळवली, तर चकती सरकण्याची भीती. म्हणून गुडघे वाकवून पोते अंगालगत घ्यावे, वळताना पावले वळवावीत. शक्य तिथे दोघांनी उचलावे किंवा हातगाडी वापरावी. कंबरपट्ट्याने इजा टळते, याला पुरेसा पुरावा नाही. आणि दुखणे पायात उतरले, मुंग्या येऊ लागल्या, तर मालिश करत न बसता डॉक्टरांना दाखवावे.