दोन पडद्यांमधील शिबुया

तोक्योतील शिबुया स्थानकाबाहेर हाचिको नामक कुत्र्याचा पुतळा आहे. धनी १९२५ साली निवर्तल्यानंतरही जवळजवळ दहा वर्षे त्याची वाट पाहत स्थानकावर येत राहिलेल्या त्या मुक्या प्राण्याच्या पायाशी आज तरुण मंडळी एकमेकांना भेटण्याचा संकेत ठरवतात. निन्टेंडो डीएस या खिशात मावणाऱ्या यंत्रासाठी स्क्वेअर एनिक्स आणि ज्युपिटर या संस्थांनी सिद्ध केलेल्या आणि २७ जुलै २००७ रोजी जपानात प्रसिद्ध झालेल्या ‘सुबाराशिकी कोनो सेकाई’ या खेळाने नेमक्या याच मुलखात, कोणालाही भेटण्याची इच्छा नसलेला, कानांवर हेडफोन चढवून जगाला दार लावून बसलेला नेकु साकुराबा हा मुलगा आणून सोडावा, यात कर्त्यांची मार्मिकता दिसते. पाश्चात्त्य देशांत हाच खेळ ‘द वर्ल्ड एंड्स विथ यू’ या नावाने गेला.

स्मृती हरपलेला नेकु भर चौकात शुद्धीवर येतो, तेव्हा त्याच्या हाती एक काळा बिल्ला असतो आणि लगोलग मोबाइलवर हुकूम येतो: ६० मिनिटांच्या मुदतीत १०४ क्रमांकाची इमारत गाठावी, अन्यथा नामशेष व्हावे. (शिबुयातील खऱ्या इमारतीचा क्रमांक १०९ आहे, पाचाचा हा फेरफार जाणकाराने हसून सोडून द्यावा.) मृतांना पुन्हा जीवन जिंकण्याची संधी देणाऱ्या या सात दिवसांच्या खेळात प्रवेशशुल्क म्हणून प्रत्येकाची सर्वांत मोलाची वस्तू जप्त होते, आणि एकट्याला तेथे थारा नसल्याने नेकुला शिकी नावाच्या मुलीशी, मोठ्या नाखुशीने, करार करावा लागतो.

या कराराची खरी अंमलबजावणी कथेत नव्हे, यंत्रात होते. डीएसला एकावर एक असे दोन पडदे. त्यांतील खालचा स्पर्श ओळखणारा. माणसांच्या मलिन भावनांतून उपजलेले ‘नॉइज’ हे शत्रू दोन्ही पातळ्यांवर एकाच वेळी वावरत असल्यामुळे, खालच्या पडद्यावरील नेकुला लेखणीच्या फटकाऱ्यांनी, टिचक्यांनी, क्वचित मायक्रोफोनवर फुंकर घालून लढवत असतानाच, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वरच्या पडद्यावरील सोबत्याची बाजू सांभाळायची असते. शिवाय दोघांचे प्राण एकाच सामाईक पट्टीत मोजले जातात, म्हणजे एकाच्या गफलतीचे नुकसान दोघांच्या खाती पडते. पहिल्या तासाभरात हा प्रकार बहुतेकांना असह्य वाटतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. परंतु एका हाताने भाता आणि दुसऱ्याने सूर सांभाळणाऱ्या पेटीवाल्याप्रमाणे हात हळूहळू स्वतंत्र होतात, आणि दोघांमध्ये फिरणारा हिरवा प्रकाशगोल लयीत परतवता येऊ लागला की प्रहारांचे बळ वाढत जाते. साथ देणे म्हणजे काय, हे नेकुच्या आधी खेळणाराची बोटे शिकतात.

इतर व्यवस्थाही कमी विलक्षण नाहीत. प्रत्येक भागात कपड्यांच्या छापांची पसंती निराळी असते आणि अंगावर जो छाप असेल त्याचीच लढायांतून चलती होते. स्वतःची पातळी मुद्दाम उतरवून जोखीम पत्करली, तर नेकुला लढण्याचे बळ पुरवणारे बिल्ले शत्रूंकडून मिळण्याचा संभव वाढतो. त्याहून नवल असे, की बिल्ल्यांचा विकास केवळ लढून होत नाही: यंत्र बंद ठेवल्याच्या काळाचाही हिशेब त्यांच्या नावे जमा होतो, आणि बिनतारी संपर्क चालू ठेवून जवळपासच्या दुसऱ्या डीएसशी, मग त्यावर निराळाच खेळ का चालू असेना, गाठ पडली तर तिचेही मोल मिळते. खेळणाराने खेळ मिटून माणसांत जावे, अशी तजवीज खुद्द खेळानेच केल्याचे उदाहरण विरळा.

पुढे २०१२ साली हा खेळ फोनवर आला, २०१८ साली निन्टेंडो स्विचवर, आणि दोन्ही ठिकाणी पडदा एकच असल्याने सोबती नेकुच्या शेजारीच उभा राहून लढू लागला. सोय झाली, यात शंका नाही. मात्र नजर खाली गुंतलेली असताना वरच्या पडद्यावरील शिकीचे काय चालले असेल, ही धास्ती नव्या आवृत्त्यांत कोणाला बाळगावी लागत नाही.