हृदयाशी हितगुज : ताण आणि हसू

मागच्या लेखात रक्तदाब पाहिला. तपासणी संपता संपता डॉक्टर “टेन्शन घेऊ नका” म्हणतात आणि आपण ते निरोपाचं बोलणं समजून सोडून देतो. पण त्यात तथ्य आहे, आणि ते मोजलंही गेलंय.

२००६ चा फुटबॉल विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी त्या काळातले हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण मोजले. जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी त्यांची संख्या एरवीच्या २.६६ पट, पुरुषांमध्ये तर तिपटीहून जास्त. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत आलेले. भारत-पाकिस्तान सामन्याआधी ज्या घरांत आजोबांना बीपीची गोळी आठवणीने दिली जाते, त्यांना याचं नवल वाटणार नाही. ताणात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, ठोके आणि दाब वाढतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. धमनीत चरबीचा थर आधीच असेल तर तो अशा वेळी फुटू शकतो. त्यावर गुठळी धरली की झटका.

आणि हसणं? मेरीलँड विद्यापीठाचे डॉ. मायकेल मिलर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग जाहीर केला. वीस निरोगी माणसांना एकदा विनोदी आणि एकदा युद्धपटातला अस्वस्थ करणारा प्रसंग दाखवला आणि दंडाच्या धमनीतला रक्तप्रवाह सोनोग्राफीने तपासला. हसल्यावर तो सरासरी २२ टक्के वाढला, ताणाने ३५ टक्के घटला. धमनीचं आतलं नाजूक अस्तर हसण्याने सैलावतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण माणसं वीसच होती, आणि झटके टळले का हे त्यात पाहिलेलंच नव्हतं. म्हणून ‘हसा आणि हार्ट अटॅक पळवा’ छापाचे मेसेज मला पटत नाहीत.

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत पहिला हास्यक्लब सुरू केला. आज बागेबागेत सकाळी हात वर करून हसणारी मंडळी दिसतात. ती चालतात, रोज चार जणांना भेटतात, न आलेल्याची चौकशी करतात. फायदा नेमका कशाचा हे वेगळं काढणं अवघड. जरूर जावं, फक्त गोळ्या घरी ठेवून नव्हे, घेऊन.

ताणाचं आणखी एक रूप जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये नोंदवलं : ‘ताकोत्सुबो’. जवळचं माणूस गेल्याच्या धक्क्यानेही हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. रुग्ण बहुतेक पाळी थांबलेल्या स्त्रिया. बऱ्याच जणी काही आठवड्यांत सावरतात. मात्र छातीत दुखणं, ईसीजीतले बदल, सगळं झटक्यासारखंच, आणि फरक कळायला सहसा अँजिओग्राफी लागते. तेव्हा आईच्या छातीत दुखायला लागलं तर “टेन्शनमुळे असेल, पडून राहा” असं म्हणू नका. १०८ ला फोन करा.