बॅलार्ड पिअर ते नगरची छावणी

सुप्याहून नगरला गेलं आणि भुईकोट किल्ल्याचा विषय निघाला, की नेहरू आणि मौलाना आझाद आठवतात. 1942 च्या त्या राजबंद्यांच्या तीन वर्षं आधी याच गावच्या लष्करी छावणीत आणखी काही माणसं डांबली गेली होती. आपल्या पारनेर तालुक्यात त्यांचं नाव कुणी काढत नाही. ती बोटीने आलेली माणसं होती.

1933 पासून हिटलरच्या छळातून सुटलेले ज्यू मुंबईत येऊ लागले. 1938 च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि ओघ वाढला. त्रिएस्त बंदरातून निघालेली इटालियन बोट सुवेझमार्गे बॅलार्ड पिअरला लागायची. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ज्यूंच्या जर्मन पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षर उमटवलं जात होतं. हा माणूस कुणापासून पळतोय, हे त्या अक्षरानेच सांगितलं असतं. पण ब्रिटिश सरकारला विचारायचं होतं ते एवढंच, की याच्या पोटापाण्याचा भार कोण घेणार? हमी असेल तर प्रवेश. मुंबईतल्या ज्यू रिलीफ असोसिएशनने अशा कितीतरी हमी दिल्या. नेहरूही या लोकांना, विशेषतः तज्ज्ञांना, घ्यावं म्हणत होते.

3 सप्टेंबर 1939 ला युद्ध पुकारलं गेलं आणि हमीचा मुद्दाच मागे पडला. आता पासपोर्ट कोणत्या देशाचा, तेवढंच पाहिलं जाऊ लागलं. जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना पकडून नगरला आणलं. नाझी पक्षाचे सभासद आणि त्यांच्याच भीतीने घरदार सोडलेले ज्यू, दोघेही एकाच काटेरी कुंपणाआड. हे वाचताना आजही संताप येतो. लाल शिक्का मारून ज्यांना जर्मनीने परकं ठरवलं, त्यांना आपल्याकडे जर्मन म्हणूनच अटक झाली. माल्कम डार्लिंग यांच्या समितीने छावणीत एकेकाची चौकशी केली, आणि बहुतेक ज्यू काही महिन्यांत सुटले. पण 1940 मध्ये फ्रान्स पडताच पुन्हा धरपकड झाली. काही कुटुंबांना पुरंदर आणि साताऱ्याला नजरकैदेत राहावं लागलं.

1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्यांना बरी वागणूक मिळाली, ती मित्रराष्ट्राचे नागरिक म्हणून. शिवाय खर्च लंडनमधलं पोलिश सरकार उचलत होतं. म्हणजे पासपोर्ट आणि हमी, दोन्ही जुळून आली.

स्वतंत्र भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केली नाही. 1983 नंतर रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागलेल्या श्रीलंकेच्या तमिळांना मंडपमच्या छावणीत आसरा दिला, तोही सरकारी आदेशाने. हक्क म्हणून नव्हे. 1946 चा परकीय नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झाला. जीव वाचवायला आलेल्या माणसासाठी त्यातही वेगळं कलम नाही. तो आजही फक्त ‘परकीय’ आहे, आणि त्याची चौकशी करायला डार्लिंग समितीसारखी समिती बसेलच, अशी तरतूद कुठेही नाही.